शंका-समाधान : निवासी संगीत शिबिराला मुलांबरोबर आपणही जावे का?

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर या सदराकडे संगीत शिबिरांविषयीची पत्रे दरवर्षीच येतात. यंदा मात्र त्यांतली बरीचशी एकाच प्रकारच्या शिबिरांविषयी आहेत. मुलांबरोबर आई, वडील किंवा घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने आठ-दहा दिवस मुक्कामाला यावे आणि वर्गातही बसावे, अशी या शिबिरांची अट असते. मी स्वतः अशा शिबिरांत बरीच वर्षे शिकवीत असल्यामुळे अगदी तटस्थ आहे असे म्हणता येणार नाही, हे आधीच सांगून निवडक पत्रांना उत्तरे देत आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची असून वर्षभर गायन शिकते आहे. तिचे नाव ज्या निवासी शिबिरात घालायचे मनात आहे, तेथे पालकांपैकी एकाने आठही दिवस वर्गात बसणे बंधनकारक आहे. मला गाण्यातले काहीही कळत नाही. रजा टाकून नुसते बसून राहण्याचा उपयोग काय? — एक वाचक, नाशिक

रजा टाकावी असे माझे मत आहे, आणि आपल्याला गाण्यातले कळत नाही म्हणून तर ते अधिकच ठाम आहे. आठवड्यातून दोनदा तासभर शिक्षकांपुढे बसणारी मुलगी उरलेले दिवस घरात गाते, आणि तेथे तिचे गाणे ऐकणारे कान आपले असतात. ते कान जर ‘किती मिनिटे झाली’ एवढेच मोजू शकत असतील, तर मुलगीही घड्याळाकडे पाहत गाऊ लागते आणि आठवडाभर घोटून पक्की झालेली चूक सोडवण्यात पुढच्या तासाचा निम्मा वेळ खर्ची पडतो. शिबिरात पालकांना गवई करायचे नसते. मुलीचा षड्ज, म्हणजे सा, ढळला तर तो आपल्या ध्यानात यावा, तंबोऱ्याची तार उतरली तर ती कळावी आणि मूल दमले की कोठे थांबवायचे हे उमगावे, एवढीच अपेक्षा असते; परंतु एवढे होण्यासाठीसुद्धा काही दिवस सलग त्या आवाजात बसावे लागते, ते पुस्तक वाचून साधत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीचे वडील असेच नाइलाजाने आले होते. पहिले दोन दिवस ते दाराशी खुर्ची टाकून मोबाइल पाहत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी तंबोरे जुळवायच्या वेळी मी त्यांच्या मांडीवर एक तंबोरा दिला. पहिली तार पंचमाची (प), मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे एकाच सा मध्ये मिळवलेल्या, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, एवढे सांगून जोडीच्या दोन तारा एकमेकींना मिळेपर्यंत त्यांना मणी खाली-वर सरकवायला लावले. दोन तारा जवळजवळ मिळाल्या की आवाजात एक लाट उमटते. तारा जसजशा जवळ येतात तसतशी ती लाट संथ होत जाते आणि नेमक्या मिळाल्या की थांबते. ही लाट ऐकू यायलाच त्यांना पाऊण तास लागला. पाचव्या दिवशी ते व्हरांड्यात कोणाशी तरी बोलत उभे होते. बोलता बोलता थांबून त्यांनी खिडकीतून डोके आत घातले आणि म्हणाले, “बाई, जोड उतरलीय वाटतं.” ती उतरलीच होती.

वर्गात बसताना दोन पथ्ये मात्र पाळावीत. मुलीला मागून शब्द पुरवू नयेत, आणि सगळे काही मोबाइलवर चित्रित करून घेण्याच्या नादात स्वतःचे ऐकणे बुडवू नये. सकाळच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या स्वरांच्या सरावाच्या, अर्ध्या तासात आपणही तोंड उघडावे. बेसूर होईल याची लाज बाळगण्याचे कारण नाही, कारण आईला किंवा वडिलांना स्वर शोधताना, चुकताना आणि पुन्हा शोधताना पाहिले की मुलांच्या मनातली चुकण्याची भीती निम्म्याने कमी होते, असा माझा अनुभव आहे.

या निमित्ताने जाहिरातींविषयी एक शब्द. अशा शिबिरांना सर्रास ‘गुरुकुल’ म्हटले जाते, ते मला पटत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्या घरी राहून शिकले, ती विद्या आठ दिवसांची नव्हती. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि तासांचे, अभ्यासक्रमाचे, परीक्षांचे शिक्षण रुजवले. त्यामुळेच आपल्या-आमच्यासारख्या सामान्य घरांतल्या मुलामुलींना गाणे शिकता आले, हे विसरून चालणार नाही. मात्र तासाची घंटा आली तसे गुरूच्या घरात दिवसभर कानावर पडणारे गाणे गेले. गुरुजी स्वतः रियाज करताना कोठे अडतात, तीच जागा पुन्हा पुन्हा कशी घेतात, हे ऐकण्याची सोय तासिकेत नसते. निवासी शिबिरात त्यातले थोडे परत मिळते, आणि ते ऐकायला घरचे कोणी बरोबर असेल तर ते घरापर्यंत पोहोचते.

गेल्या वर्षी मी मुलाबरोबर एका निवासी शिबिराला गेले होते. आठ दिवसांत मुलांना फक्त भूप हा राग शिकवला. माझ्या भाचीच्या शिबिरात त्याच फीमध्ये सहा गाणी बसवून शेवटच्या दिवशी रंगमंचावर कार्यक्रमही झाला. आमचे पैसे वाया गेले असे वाटते. यंदा शिबिर बदलावे काय? — एक आई, ठाणे

मला हे पत्र वाचून आनंद झाला, कारण आपल्याला चांगले शिबिर मिळाले होते. भूपात पाचच स्वर, मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य, म्हणजे गाळलेले. नवशिक्या मुलाला त्यातला गंधार (ग) आणि धैवत (ध) नेमका लागू लागला तरी आठ दिवस कारणी लागले असे समजावे. सवाई गंधर्वांनी कुंदगोळला आपल्याकडे शिकायला राहिलेल्या भीमसेन जोशींकडून तोडी, मुलतानी आणि पूरिया या रागांचीच मेहनत प्रामुख्याने करून घेतली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. त्या तीन रागांच्या निवडीत एक खुबीही आहे. तोडी सकाळचा, मुलतानी दिवसाच्या उतरत्या प्रहराचा आणि पूरिया दिवेलागणीचा. म्हणजे तीन रागांत शिष्याचा सबंध दिवस गाण्यात जात असे.

निवासी शिबिराचा सर्वांत मोठा फायदा मला येथेच दिसतो. शनिवारी संध्याकाळी पाचच्या तासाला जाणारे मूल पहाटेचा भैरव शिकते तेही संध्याकाळी पाचला, आणि दुपारचा वृंदावनी सारंग परीक्षेच्या यादीत आहे म्हणून दिवे लावून गाते. शिबिरात तेच मूल साडेपाचला उठते, अंगणात अजून गारवा असतो, कोणी बोलत नसते, आणि तंबोऱ्यावर भैरवाचा कोमल रिषभ (रे) आंदोलन घेत, म्हणजे हळुवार झुलत, येतो. जेवणाआधी उन्हाने अंगण पांढरे पडलेले असताना गंधार-धैवत गाळलेला सारंग कानावर पडतो. रागाचा समय ही वहीत लिहून घेण्याची बाब राहत नाही. तेव्हा यंदा चौकशी करताना ‘किती राग शिकवणार’ असे न विचारता ‘पहाटे काय ऐकवणार’ असे विचारावे.

समारोपाच्या कार्यक्रमाला माझा सरसकट विरोध नाही. मुलांना मंचाची सवय व्हायला हवी आणि आजी-आजोबांना कौतुक हवेच असते. परंतु सहा गाणी बसवायची म्हणजे चौथ्या दिवसापासून शिकवणे थांबते आणि तालीम सुरू होते. ज्या मुलाचा आवाज मोठा त्याला ध्वनिक्षेपक मिळतो आणि लाजरे मूल मागच्या ओळीत ओठ हलवते. परीक्षेच्या तयारीसाठी शिबिर शोधणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे एक सत्र एप्रिल-मेमध्येच असते. ती परीक्षा नेहमीच्या गुरुजींकडे द्यावी आणि शिबिराला ती उरकून मोकळ्या मनाने यावे.

माझा नातू तेरा वर्षांचा आहे. पाच वर्षे तो चांगला गात होता, पण दोन महिन्यांपासून त्याचा आवाज फाटू लागला आहे आणि तो शिबिराला येत नाही म्हणतो. वर्षभर गाणे बंदच ठेवावे असे काहींचे मत पडले. — एक आजोबा, सातारा

गाणे बंद ठेवू नये, फक्त कमी करावे. या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि काही महिन्यांत आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो. तंतूंची लांबी बदलली तरी त्यांना ताण देण्याची जुनी सवय एका दिवसात बदलत नाही, म्हणून मधेच आवाज फुटतो. तो आजार नाही. घसा दुखत असेल किंवा बसलेला आवाज दोन-तीन आठवडे सुटतच नसेल, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

शिबिराच्या चालकांना आपण एकच प्रश्न विचारावा : या वयाच्या मुलांना आपण कोणत्या पट्टीत, म्हणजे पेटीची कोणती पट्टी सा धरून, गायला बसवता? सगळ्यांना एका पट्टीत, असे उत्तर आले तर नातवाला तेथे नेऊ नये. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून अधिकाराने सांगते. पहिल्या वर्षी आमच्याकडे पेटी एक आणि मुले चाळीस. गायक शिक्षकांच्या सोयीने सगळ्यांना काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, बसवले. लहान मुलांचा आवाज बहुधा काळी चार ते काळी पाचच्या आसपास खुलतो. काळी एकमध्ये ती खाली नुसती घरघरत होती आणि वरच्या सप्तकातून गाऊ लागली की तार गंधाराला ओरडत होती. तिसऱ्या दिवशी निम्म्या मुलांचे घसे बसले आणि त्यात आवाज बदलणारी चार मुले होती. त्यांतल्या एकाने पुढे गाणे सोडले. त्यात माझा वाटा किती, हे मी अजूनही स्वतःला विचारते.

आता आम्ही या मुलांचा वेगळा गट करतो. रोजची पट्टी रोज ठरवायची, तार सप्तकात जायचे नाही, सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गायचे नाही. उरलेल्या वेळात ती पेटीवर साथ करायला आणि हातावर ताल धरायला शिकतात. झपतालाच्या दहा मात्रा आणि त्यांतले दोन-तीन-दोन-तीनचे खंड एकदा अंगात मुरले की आवाज परतल्यावर बंदिश वेगळीच बसते. राहता राहिली त्याची लाज. तेरा वर्षांच्या मुलाला आईसमोर आवाज फुटणे नको असते, पण आजोबांसमोर ते एवढे टोचत नाही. त्यामुळे बरोबर आपणच जावे, आणि शक्य असेल तर त्याला सांगावे की तुमचाही आवाज असाच फुटला होता.

आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. आमची सहा वर्षांची मुलगी सुझुकी पद्धतीने व्हायोलिन शिकते. तिच्या शिक्षिका उन्हाळ्यातल्या एका आठवड्याच्या शिबिराला आम्हालाही यायला सांगत आहेत. तिने पुढे हिंदुस्थानी संगीतही वाजवावे अशी आमची इच्छा आहे. हे शिक्षण त्याच्या आड येईल का? — एक दांपत्य, विस्कॉन्सिन

सहकुटुंब शिबिराची कल्पना सर्वांत विचारपूर्वक राबवली गेली आहे ती या पद्धतीत, तेव्हा जरूर जावे. शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) हे नागोयाच्या व्हायोलिन बनवणाऱ्या घरातले. ते जर्मनीत शिकले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी मात्सुमोतो येथे मुलांना शिकवायला सुरुवात केली. जपानमधले प्रत्येक मूल जपानी बोलायला शिकते, या साध्या निरीक्षणावर त्यांची सगळी पद्धत उभी आहे. भाषा जशी आईच्या तोंडून सतत ऐकून येते, तसे संगीतही यावे, म्हणून सुरुवातीला आई किंवा वडील स्वतः व्हायोलिन हाती धरायला शिकतात, घरात रोज तीच धून लावली जाते आणि प्रत्येक तासाला पालक वही घेऊन हजर असतात. अमेरिकेतले अशा प्रकारचे पहिले उन्हाळी शिबिर १९७१ साली आपल्याच राज्यातल्या स्टीव्हन्स पॉइंट येथे भरले. या शिबिरांत एका मुलाला शिक्षक शिकवीत असताना दुसरी दोन-तीन मुले आणि त्यांचे पालक समोर बसून पाहत असतात. आपल्याकडे गुरूसमोर एकाची तालीम चालू असता बाकीचे शिष्य मागे तंबोऱ्यावर बसतात, त्याचीच आठवण यावी.

हिंदुस्थानी वादनाचे म्हणाल, तर अडचण हाताची आहे, कानाची नाही. पाश्चात्त्य पद्धतीत वादक उभा राहून हनुवटी आणि खांदा यांच्या पकडीत वाद्य धरतो. आपल्याकडे मांडी घालून बसतात आणि वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवतात, म्हणजे डावा हात वाद्याचा भार सोडून मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, मोकळा होतो. सहाव्या वर्षी या दोन्ही बैठका एकदम शिकवल्यास मुलगी गोंधळेल, म्हणून आपल्या पद्धतीचे वादन काही वर्षांनी सुरू करावे. तोवर आपण घरी तिच्याबरोबर गावे. तिच्या व्हायोलिनच्या शेजारशेजारच्या कोणत्याही दोन तारा षड्ज-पंचम भावातच मिळवलेल्या असतात. त्यांतली खालची तार छेडून तिला सा म्हणायला लावावे आणि वरची छेडून प, म्हणजे रोज वाद्य मिळवतानाच तिची दोन्ही संगीतांशी ओळख होत राहील. गजाननबुवा जोशी उत्तम गायक होते आणि व्हायोलिनही तितक्याच अधिकाराने वाजवीत. आपल्याकडे हे वाद्य गळ्याच्या मागोमाग चालते, म्हणून गळा आधी तयार झालेला बरा.

शिबिरात मुलांना दही, लोणचे, चिंच, थंड पाणी यांपैकी काय द्यावे आणि काय देऊ नये? — एक वाचक, चिपळूण

बर्फाचे गोळे टाळावेत, रात्री उशिरा तळलेले देऊ नये, पाणी भरपूर प्यावे. कोकणातल्या शिबिरात सोलकढी आणि आंबे बंद करणाऱ्या चालकांविषयी मला आदर वाटत नाही. मुलांचे घसे लोणच्याने बसत नाहीत, दुपारी क्रिकेट खेळताना ‘आउट, आउट’ म्हणून केलेल्या आरड्याओरड्याने बसतात. पथ्य पाळायचे तर न ओरडण्याचे पाळावे, आणि त्याला घरून आलेले वडीलच पंच म्हणून उभे करावेत.

आमच्या घरी तंबोरा नाही. शिबिरात वाद्यांवर गायची सवय लागल्यावर घरी मोबाइलमधला तंबोरा चालेल का? विकत घ्यायचाच झाला तर काय पाहावे? — एक पालक, पंढरपूर

रोजच्या रियाजाला मोबाइल चालेल. इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये तयार केला, तेव्हा त्याला नाके मुरडणारे पुष्कळ होते; आज त्याच्यावाचून पुष्कळांचे अडते. मात्र फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून तो बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरला जोडावा आणि रियाजाच्या वेळी फोन, संदेश बंद ठेवावेत. आलापात मूल षड्जावर येऊन टेकले आणि त्याच क्षणी बँकेचा निरोप वाजला, असे घरोघरी घडते.

विकत घेण्यासाठी आपल्याला मिरज फार दूर नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या भोपळ्यांपासून ते बनतात ते भोपळे तर आपल्याच मंगळवेढा-पंढरपूर भागातून तेथे जातात. लहान मुलांसाठी आणि मुलींसाठी आकाराने लहान, जनानी तंबोरा घ्यावा. मुलगा बारा वर्षांच्या पुढचा असेल तर आवाज ठरेपर्यंत खरेदी पुढे ढकलावी. भोपळ्यावरच्या नक्षीला पैसे घालू नयेत. दुकानात तारा लावून घ्याव्यात, जवारी, म्हणजे घोडीवरून उठणारी तारेची गुंजन, उघडी आहे ना हे ऐकावे, तारेखालचा दोरा मागेपुढे सरकवल्यावर आवाज कसा खुलतो ते कारागिराकडून दाखवून घ्यावे आणि मुलाला त्यावर दोन मिनिटे गायला बसवावे. पट्टी कोणती, असे कारागीर विचारील. तेव्हा आपण गप्प राहावे आणि मुलालाच सांगू द्यावे.